कोटाला फुटलेला घाम

माझी लेक एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात कपडे सांभाळते. तिने पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "म्हणजे इस्त्री करतेस का?" त्यावर ती जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मागच्या सुट्टीत आली, तर तिच्या तोंडी एकच विषय. प्लॅस्टिकचा थर दिलेलं कापड. जुने चकचकीत कोट, पर्सा, टोप्या. रेशीम परवडलं, जर परवडली, पण या कापडापुढे मोठमोठ्यांनी हात टेकले म्हणे. त्याला बाहेरून कुणी काही करावंच लागत नाही, ते आपलं आपणच आतून बिघडतं. थर मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखं काहीतरी घातलेलं असतं, ते हळूहळू वर येतं आणि कापड चिकट होतं.

"घडी घालायची नाही," ती एकेक बोट मिटत सांगत होती. "वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही. उन्हाला दाखवायचं नाही. पेटीत कोंडायचं नाही. कापूस तर जवळही आणायचा नाही. आणि आई, डांबरगोळ्या! डांबरगोळीचा वास ते कापड पिऊन घेतं आणि आणखीच लिबलिबीत होतं."

मी मेथी निवडत होते. माझा हात थांबला.

"काय गं?"

"काही नाही. यातलं आम्ही काही करायचं ठेवलं होतं का, ते आठवून पाहतेय."

ठेवलं नव्हतं. ते सगळं तिला सांगितलं, तशी ती म्हणाली, लिहून काढ. म्हणून लिहितेय. नाहीतर स्वतःच्या लग्नाआधीची फजिती चारचौघांत सांगायची हौस कुणाला असते?

मी तेव्हा अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते. घरात बाबा, आई, मी आणि आत्या. बाबा सरकारी कचेरीत कारकून. आत्या विधवा, जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. घर टिनाचं. आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्याला काही वर्षं झाली होती. घरातले जुने रीतिरिवाज मागे पडले होते आणि नवे अजून अंगवळणी पडायचे होते, त्यामुळे कुठलंही कार्य निघालं की आधी बाबांकडे पाहायचं आणि मग बाबा भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहायचे.

अकोल्याची मंडळी मला बघायला आली ती भर पावसाळ्यात. मी ट्रेनिंगहून पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन चिंब भिजत घरी आले, तर पाहुणे ओसरीवर बसलेले. त्यांना आधी माझ्या पायांचा चिखल दिसला, मग मी दिसले. मुलगा ओव्हरसियर होता, आणि इतका अबोल की आत्या आत येऊन म्हणाली, "पोरगा मुका तं नाई ना वं, वहिनी?"

मुका नव्हता. त्याने सगळं बघून ठेवलं होतं. दिवाळीनंतर साक्षगंध झालं. साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. त्याच्या आधी तो कामानिमित्त मुंबईला जाऊन आला होता आणि येताना माझ्यासाठी बरसाती घेऊन आला होता. आतून कापड, वरून प्लॅस्टिक. सायीसारखा रंग, मोठी बटणं, कमरेला पट्टा. अशी वस्तू आमच्या वस्तीत कुणी पाहिली नव्हती. बायकांनी बोटं फिरवली, तर बोट सरकताना कुईं असा आवाज आला. एका म्हातारीने विचारलं, "हे खायाचं हाये का?" त्याला वास होता, नव्या रबरी खेळण्याला असतो तसा. मला तो फार आवडला. पुढे आयुष्यभर नको होईल इतका आवडला.

त्या गर्दीत तो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "वापरा हं." साक्षगंधाच्या दिवसातलं त्याचं माझ्याशी बोललेलं वाक्य एवढंच. आणि त्याच वेळी पलीकडून त्याची आई, म्हणजे माझी होणारी सासू, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जपून ठेव व माय! मुंबईचं हाये. लग्नात हाच घालून आमच्या दारात उतरजो."

वैशाखात, अकोल्यात, बरसाती घालून. सासूबाईंच्या लेखी तो मुळी पावसाचा कोट नव्हताच, तो मुंबईचा कोट होता. त्यांना कोण सांगणार? मी तर नाहीच. आता तुम्हीच सांगा, लग्नाआधी नवऱ्याचं ऐकावं की सासूचं? आईने एका क्षणात निकाल दिला. कोट पेटीत गेला.

जपून ठेवणं म्हणजे काय, हे आईला पक्कं ठाऊक होतं. तिच्या लग्नातलं लुगडं अजून नवंकोरं होतं. त्याच रीतीने तिने कोटाची चौपदरी घडी घातली, वर्तमानपत्रात गुंडाळली, लुगड्याच्या खाली दाबून ठेवली आणि कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या टाकल्या. आत्या म्हणाली, "अजून टाक वहिनी, मुंबईची कसर मोठी रायते." आईने अजून टाकल्या. कुलूप लावलं. वर टिन, खाली पेटी, मध्ये आम्ही.

होळी झाली आणि आईने सगळं हवा द्यायला बाहेर काढलं. लुगडं छान होतं. कोट निघता निघेना. वर्तमानपत्र त्याला धरून बसलं होतं. ते ओढून काढलं तेव्हा घडीही सुटेना. एक बाही छातीला चिकटलेली. ती सोडवताना चर्र आवाज आला आणि आईने हात सोडला. कोटावर बारीक बारीक थेंब आले होते, चेहऱ्यावर येतात तसे.

"याले घाम आला," आत्या म्हणाली.

मी कोटाची पाठ उलटी केली. पाठीवर वर्तमानपत्र छापून निघालं होतं. अक्षरं उलटी, पण आरशात धरली तर वाचता येत होती. केसांच्या तेलाची जाहिरात होती. "केस गळतात काय?" असा प्रश्न पाठीवर घेऊन मी अकोल्याच्या दारात उतरणार होते.

आज हसू येतं. तेव्हा आलं नाही. कारण आमच्याच ओळीतल्या एका मुलीचं साक्षगंध त्याच्या आदल्या वर्षी मोडलं होतं. तिच्याकडून अंगठी विहिरीत पडली, एवढंच निमित्त. "दिलेली वस्तू जिला सांभाळता येत नाही, ती घर काय सांभाळणार?" असं म्हणून त्या लोकांनी दिलेलं सगळं परत मागवून घेतलं होतं. साक्षगंधाची वस्तू परत गेली की नातं संपलं, हे सगळ्यांना माहीत असतं, वेगळं सांगावं लागत नाही. त्या मुलीची आई वर्षभर नळावर आली नाही. आणि मला तर तो अबोल ओव्हरसियर आवडून बसला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आई ओळखून होती.

मग उपाय सुरू झाले. आधी ऊन. पापड वाळत घालतात तसा कोट खाटेवर वाळत घातला. दुपारी पाहिलं तर सायीचा रंग जाऊन हळदीचा रंग चढू लागला होता आणि खाटेच्या सुतळीची जाळी पुढच्या बाजूवर उमटली होती. पाठीवर जाहिरात, पोटावर खाट.

"त्याचं तेल बाहेर येऊन राहिलं," आत्या बोट चोळत म्हणाली. "तेलाले उपाय एकच. कापूस."

आम्ही पडलो वऱ्हाडची माणसं. कान दुखला, कापूस. जखम झाली, कापूस. दिवा, गादी, उशी, पोटापाण्याचा धंदा, सगळं कापूस. मुंबईचा माणूस असता तर त्याला हे सुचलंच नसतं. आत्याने ओटीभर उत्तम कापूस आणला, लांब धाग्याचा, सरकी काढलेला, पांढराशुभ्र. आम्ही तिघींनी तो कोटाच्या आतबाहेर, बाह्यांत, कॉलरखाली, प्रेमाने दाबून दाबून भरला. वरून चादर गुंडाळली आणि सुतळीने आवळून बांधलं. आत्या वरून दोनदा बसलीसुद्धा. म्हणाली, "आता पितेच पाहा."

कापसाने तेल प्यायलं की नाही कोण जाणे, पण कोटाने कापूस गिळला. चैत्र संपता संपता गाठोडं सोडलं, तर आत कोट नव्हताच. मेंढी होती. ओढलं तर वरचा पुंजका हातात यायचा आणि खालची लव तशीच. मी नखांनी खरवडायला बसले. खरवडलं तिथे प्लॅस्टिकचा पापुद्रा निघून खालचं कापड दिसू लागलं. आई म्हणाली, "ठेव. हात नोको लावू आता." तिचा आवाज असा होता की मी ठेवला.

आणि त्याच आठवड्यात निरोप आला की अकोल्याहून सासूबाई येताहेत. बस्त्याला. म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला. आधी आपल्या घरी टेकतील आणि मग आईला नि मला घेऊन बाजारात जातील.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जी बैठक बसली, तशी कुठल्याही कचेरीत बसली नसेल. आत्याचं म्हणणं सरळ होतं. "सांगून देऊ, धोब्याकडे हाये."

बाबांनी मान हलवली. "खोटं बोलायचं नाही. सकाळसंध्याकाळ शील कायले म्हणता मंग?"

पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाबा त्या बाबतीत फार कडक होते. कचेरीत उशीर झाला तर साहेबाला "झोप लागली होती" असं सांगणारे ते एकमेव कारकून असावेत. आत्या नुसती खवळली. "भाऊ, पोरीचं लगन हाये! एक दिवस शील पेटीत ठेवलं तं का डांबरगोळ्या लागतीन?"

"नाही म्हणजे नाही."

मग आत्याने दुसरा रस्ता धरला. खोटं नसेल पण खरंही कळणार नाही, अशी वाक्यं शोधायची. ती एकेक वाक्य म्हणायची आणि बाबा न्यायाधीशासारखे निकाल द्यायचे.

"कोट घराबाहेर गेलाच नाही."

"हे चालते."

"परक्या मानसाचा हात लागू देल्ला नाही."

"हेही खरं हाये."

"कोट हाये तसाच हाये."

"नाही!" बाबा ओरडले.

"बरं. कोट... आता पयल्यापेक्षा गरम झाला. कापूस भरला ना त्यात."

मला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू.  आई पापड लाटत होती, आणि एकच पापड इतका लाटला की पोळपाटाच्या बाहेर गेला. मला वाटत होतं, ओव्हरसियरला सरळ सांगावं. पण सांगणार कसं? आम्ही एकमेकांशी एकच वाक्य बोललो होतो, आणि तेही त्यानेच बोललेलं.

सासूबाई आल्या त्या सकाळच्या गाडीने. उंच, सावळ्या, स्वच्छ पांढरं लुगडं, हातात पिशवी. पाणी प्यायल्या, पाय धुतले, ऊन फार आहे म्हणाल्या. अमरावतीचं ऊन बरं की अकोल्याचं, यावर आत्या मुद्दाम खूप वेळ बोलत राहिली. शेवटी तो विषयही वाळून गेला.

"इहीनबाई," सासूबाई आईला म्हणाल्या, "कोट आना ना इकडे. त्याच्या संगं शोभीन अशी साडी पाहू."

आत्याने घसा साफ केला. "कोट घराबाहेर गेलाच नाही बाई."

"मंग आना."

"परक्या मानसाचा हात—"

"मी परकी का वं?"

आत्याची वाक्यं संपली. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मी काय वाचलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण आपण उठायला पाहिजे, हे कळलं. मी आत गेले आणि मेंढी घेऊन आले. कुठे धरावी हेच समजेना, धरावं तिथे बोटं चिकटत होती. सासूबाईंच्या पुढ्यात खाटेवर ठेवली. तीही चिकटली.

 सासूबाईंनी वाकून पाहिलं. कापसाचा एक पुंजका उपटला, बोटावरून निघेना म्हणून दुसऱ्या हाताने काढला, तो दुसऱ्या हाताला चिकटला. मग त्यांनी पाठ उलटी केली. त्यांना वाचता येत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

"हे का हाये?"

"कोट," मी म्हणाले.

"आमी देल्लेला?"

"हो."

"का केलं वं तुमी याचं? पिंजला का?"

आता मात्र माझी जीभ सुटली. घाबरलं की मी गप्प बसत नाही, जास्त बोलते. हा दोष अजून आहे. मी सगळं सांगितलं. पेटी, गोळ्या, वर्तमानपत्र, खाट, कापूस. "तुम्ही म्हणालात जपून ठेव. आमच्या घरात जपणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, तेवढं सगळं केलं. त्यांनी वापरा म्हटलं होतं. मी तुमचं ऐकलं."

हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी सासूलाच दोष देऊन बसले आहे. बाबा दारात उभे होते, त्यांनी डोळे मिटले. खरं बोलण्याची सुद्धा काही वेळ असते, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं असावं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कोटाकडे. "घाल," म्हणाल्या.

"अं?"

"घाल म्हन्तो. पाहू दे."

मी घातला. एक बाही कशीबशी गेली, दुसरीत हात अडकला. आतल्या कापसाने अंगाची आग होत होती, वरून टिन तापलेलं. कॉलर मानेला धरून बसली. त्या वेळी चहा आला, आणि कुणीच काढ म्हणेना म्हणून मी तशीच चहा प्यायले, दोन्ही हात कावळ्यासारखे पसरून. आत्या तोंडाला पदर लावून आत पळाली. ती हसत होती की रडत होती, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग काढायची वेळ आली तर निघेना. आईने एक बाही धरली, सासूबाईंनी दुसरी, आणि दोघींनी विरुद्ध बाजूंना ओढलं. "दम धर, इहीनबाई, पोरगी फाटीन," सासूबाई म्हणाल्या. मी सुटले. माझ्या पोलक्यावर अर्धी गादी राहिली.

सासूबाईंनी हात धुतले. पुन्हा धुतले. मग आपल्या पिशवीतून एक जुनं धडपं काढलं, कोट त्यात घातला आणि गाठ मारली.

"हा मी घेऊन जातो," त्या म्हणाल्या.

 बाबा भिंतीला टेकले. साक्षगंधाची वस्तू परत. म्हणजे झालं. कुणी मोठ्याने म्हणालं नाही, पण ओसरीवरच्या प्रत्येकाला ते ऐकू आलं. सासूबाईंना आमच्या तोंडाकडे बघायला सवड नव्हती, त्या चपला शोधत होत्या. "चाला ना मंग. उशीर होऊन राहिला."

कुठे चला? कशाला? बाजारात जाऊन आता काय घ्यायचं होतं? पण विचारायची छाती कुणाचीच झाली नाही. आम्ही तिघी निघालो. पुढे सासूबाई, काखेत ते गाठोडं. मागे आई, तिच्या मागे मी. आई वाटेत ओळखीच्या कुणाकडे बघत नव्हती. ती नळावर न येणाऱ्या त्या बाईचा विचार करत असणार, मला माहीत होतं, कारण मीही तोच करत होते. मला एकदा वाटलं, पुढे जाऊन विचारावं. एकदा वाटलं, नको, जितका वेळ ठाऊक नाही तितका वेळ आपलं लग्न ठरलेलंच आहे. असे ते रस्ते मी चालले. आजही त्या बाजारातून जाताना मला उगाच तहान लागते.

दुकानात गादीवर बसलो. सासूबाईंनी गाठोडं शेजारी ठेवलं. दुकानदार हुशार, त्याने पाहुणी मंडळी बघून नवीन आलेला चमचमणारा नायलॉनचा माल पसरला. "मुंबईचं हाये बाई, एकदम नवीन. हात लावून पाहा."

आईचे आणि सासूबाईंचे हात एकदमच मागे गेले.

"मुंबईचं नोको," सासूबाई म्हणाल्या. "मुंबईच्या मालाले आपलं ऊन नाही सोसत. माह्या पोराले हे कळाले पायजे, म्हनून तं हा कोट दाखवाले नेऊन राहिली. शिकेल पोट्टा, अन् वऱ्हाडात प्लॅस्टिक आनते!"

आईने माझा हात धरला. पदराखाली, कुणाला दिसणार नाही असा. 

"सुती दाखव, भाऊ," सासूबाई दुकानदाराला सांगत होत्या. "पांढरी. घट्ट पोताची. नवरीसाठी पायजे." दीक्षेनंतर आमच्यात नवरी पांढऱ्या साडीतच उभी राहते.

दुकानदाराने गठ्ठा ओढला, पांढरी साडी झटकून उलगडली आणि माझ्या खांद्यावर टाकली. माझ्या पोलक्याला चिकटलेला कापूस तिच्यावर सांडला. सासूबाईंनी तो हाताने झटकला आणि म्हणाल्या, "सरळ बस. थरथरून काहून राहिली?"